मेजरच्या कवळीतलं वाक्य

कुवेतमध्ये ज्यांनी ज्यांनी जगन्नाथ परुळेकरांच्या हातची कवळी बसवून घेतली, त्या सगळ्यांना मराठीतलं एक वाक्य पाठ होतं. त्यापलीकडे मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण हे वाक्य ते असं खणखणीत म्हणायचे की वेंगुर्ल्याच्या माणसाने ऐकत राहावं. उंटांचा व्यापार करणारे म्हातारे, बँकेतले पॅलेस्टिनी कारकून, एका शेखच्या घरची इजिप्शियन स्वयंपाकीण, सगळे मिरकाबमधल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्टुलावर ताठ बसायचे आणि म्हणायचे,

"सासूबाई, फणस सोसतो, सासरे सोसत नाहीत."

अर्थ कुणी विचारला नाही. कवळी बसवणारा माणूस सांगतो म्हणजे ते औषधासारखं काहीतरी असणार, असं त्यांनी धरलं होतं, आणि ते फारसं चूकही नव्हतं. कवळी नीट बसली की नाही हे आरशात कळत नाही, बोलताना कळतं. स म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. टेकले तर खट्ट वाजतं, लांब राहिले तर शीळ येते. फ म्हणताना वरचे पुढचे दात खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेवर अलगद टेकायला हवेत. दुसरे तंत्रज्ञ यासाठी आकडे मोजायला लावत. परुळेकरांना आकड्यांत गंमत वाटत नसे. त्यांनी केलेली पहिली अख्खी कवळी त्यांच्याच सासऱ्यांची होती, आणि त्या दिवशी हे वाक्य त्यांनी जागच्या जागी रचलं होतं. सासऱ्यांनीही ते निमूटपणे म्हटलं, कारण तोंडात नवे दात होते आणि घरात मटणाचा वास सुटला होता.

एका माणसाने मात्र ते वाक्य कधीच म्हटलं नव्हतं. ती त्यांची मुलगी रसिका. भारतीय शाळेच्या ग्रंथालयात ती काम करायची. आई गेल्यापासून घरात दोघंच. रसिकाचं वाचन दांडगं, बोलणं मोजकं. वडिलांच्या या वाक्याची तिला लहानपणापासून लाज वाटत आली होती, जशी एखाद्याला वडिलांच्या मोठ्याने शिंकण्याची वाटते.

१९९०च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, बुधवारी संध्याकाळी, ती त्याच स्टुलावर बसली होती. पुस्तकांच्या कपाटाचं लोखंडी दार तोंडावर आदळून तिचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता. परुळेकरांनी त्यावर टोपी केली होती, अगदी शेजारच्या दाताच्या रंगाची. ती बसवून ते चार पावलं मागे गेले.

"हां. बोल."

"काय बोलू?"

"सगळे बोलतात ते."

"बाबा, मी ते बोलणार नाही."

"का? तुझे आजोबा बोलले."

"आजोबांचा नाइलाज होता. तुम्ही त्यांचे दात हातात घेऊन उभे होतात."

"मग मीपण दात चिकटवायचं सिमेंट हातात घेऊन उभा आहे ना गो?"

रसिकाने इंग्रजी महिने म्हटले. सप्टेंबर, फेब्रुवारी. परुळेकरांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"इंग्रजी स चालत नाही. त्यात राग नसतो. आणि तुझा फ लाजतो आहे. ओठापर्यंत येतो आणि परत जातो."

"दात बसलाय. मला कळतंय."

"तुला कशाला कळायला पाहिजे? मला कळायला पाहिजे." त्यांनी पक्क्या सिमेंटची बाटली बंद केली आणि कच्च्याची उघडली. "आता तात्पुरतं लावून ठेवतो. शनिवारी ये, वाक्य म्हण, मग पक्कं करतो. तोवर त्या दाताने काही तोडायचं नाही."

"आणि शनिवारीही नाही म्हटलं तर?"

"तर दात जन्मभर कच्चाच. मला काय! तोंड तुझं."

दोघं चालत घरी निघाली. वरच्या मजल्यांवरच्या एसीचं पाणी डोक्यावर ठिबकत होतं. परुळेकरांनी कोपऱ्यावरून कलिंगड घेतलं, ठोकून बघितलं, दुकानदाराला त्याच्या खालच्या दाढेबद्दल विचारलं. घरी रसिकाने कलिंगडाच्या फोडी काट्याने बारीक करून खाल्ल्या आणि परुळेकर तिच्याकडे बघून हसले. उद्यापासून गुरुवार-शुक्रवारची सुट्टी होती.

गुरुवारी पहाटे इराकी रणगाडे आले. शनिवारही आला, पण तेव्हा मिरकाबच्या चौकात एक रणगाडा सिग्नलपाशी उभा होता, सिग्नल लाल असताना, आणि दाताची आठवण कुणालाच नव्हती.

पुढच्या आठवड्यांत ओळखीची घरं एकामागून एक रिकामी झाली. लोक बसमध्ये बसून वाळवंटातून जॉर्डनकडे निघाले, तिथून विमानाने मुंबईला. परुळेकरांनी जायला नकार दिला.

"अर्ध्या कुवेतचे दात मी उपटायला लावलेत," ते म्हणाले. "कवळ्या अजून कच्च्या, मेणात आहेत. आता त्यांना काय सांगू, पेज प्या?"

"बाबा, लढाई आहे."

"लढाईत जेवत नाहीत वाटतं? तू जा."

रसिका गेली नाही. वडील राहिले म्हणून ती राहिली. आपण तिला पाठवायला हवं होतं असं त्यांना वाटत असावं. शाळा बंद पडली होती, म्हणून ती दवाखान्यात बसून मेण वितळवायला मदत करू लागली. म्हातारी माणसं गल्लीबोळांतून लपत यायची, दात घेऊन जायची, आणि जाताना वाक्य म्हणून दाखवायची. बाहेर संचारबंदी असली तर हळू आवाजात.

थंडी सुरू होत होती तेव्हा दवाखान्यावर धाड पडली. सैनिक शस्त्रं शोधायला आले होते. त्यांना मागच्या खोलीत भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे सापडले, ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या तळाशी शिसपेन्सिलीने लिहिलेलं.

"ही माणसं कोण आहेत?" कॅप्टनने विचारलं.

"गिऱ्हाइकं."

"बाकीची माणसं कुठे आहेत?"

"घरी," परुळेकर म्हणाले. "इथे नुसते जबडे असतात."

कॅप्टनने एक जबडा उलटा केला. "ही कसली लिपी?"

"देवनागरी."

"ती कसली संघटना?"

रसिका मध्ये पडली. तिने चांगल्या अरबीत समजावलं की ही भारतातली लिपी आहे, शाळेत शिकवतात, गिऱ्हाइकांची नुसती नावं आहेत. कॅप्टनने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे कुवेती लोकांची नावं आहेत, ती आम्हाला वाचता येऊ नयेत अशा अक्षरांत, आणि सोबत त्यांचे दात आहेत." हे सगळं खरंच होतं.

जबडे पोत्यांत भरले. परुळेकरांना त्यांच्या हत्यारांसकट जीपमध्ये घातलं. जीप सुरू झाल्यावर ते मागून ओरडले, "रसिका! कच्च्या सिमेंटवर आहेस. जपून चाव गो!"

नंतर ती चौक्यांवर फिरली. डबा घेऊन जायची आणि डबा घेऊन परत यायची. एका चौकीवर सांगितलं, असा माणूस इथे नाही. दुसरीवर सांगितलं, असा माणूसच नाही. तिसरीवरच्या शिपायाने डबा उघडून खाल्ला, सोलकढी आवडली म्हणाला, आणि उद्या पुन्हा यायला सांगितलं.

फेब्रुवारीअखेर इराकी सैन्य पळालं. तेलाच्या विहिरी पेटलेल्या होत्या. भर दुपारी दिवे लावावे लागत. अशाच एका काळ्या दुपारी सिराज दारात उभा राहिला. सिराज रत्नागिरीकडचा, बेकरीची गाडी चालवायचा, परुळेकरांना भाऊ म्हणायचा. लपलेल्या घरांना पाव पोचवताना त्याला पकडलं होतं. आता त्याचे वरचे पुढचे दात नव्हते, आणि बोलताना शब्दांच्या आधी वारा यायचा.

"भाऊ माझ्याबरोबर होते," तो म्हणाला. "सबाह अल-सालेमच्या शाळेत."

रसिकाने त्याला बसायला खुर्ची दिली. स्वतः उभी राहिली.

शाळेतल्या वर्गांत कैदी होते. चौकशी करायचा एक मेजर. त्याची कवळी जुनी, सैल झालेली. ओरडायला लागला की ती निसटायची आणि तो ती हाताने धरून ओरडायचा. जबड्यांची पोती बघून त्याने संघटनेचा नाद सोडला आणि परुळेकरांना सांगितलं, मला नवे दात कर. शाळेची प्रयोगशाळा दिली, स्पिरिटचा दिवा दिला.

"मेजरच्या तोंडात मेण असलं ना, की त्या दिवशी कुणाला मार नाही," सिराज म्हणाला. "प्रश्न तोच विचारायचा. आणि मेण चावून धरलं तर प्रश्न कसे विचारणार? भाऊंच्या हे ध्यानात आलं. मग काय! आज वरचं मेण, उद्या खालचं मेण, परवा म्हणायचे, साहेब, स वाजतोय, परत करू. तो एवढा मोठा मेजर, रोज ताठ बसून ते तुमचं... ते फणसाचं म्हणायचा. भिंतीपलीकडून आम्ही ऐकायचो. पलीकडच्या वर्गात एक गोरा इंजिनियर होता, डोळ्यांना पट्टी बांधलेला. त्याला वाटायचं ही अजान आहे. भिंतीतूनच मला विचारायचा, आज दोनदा का झाली?"

"वाक्य म्हणून झालं की मग?"

"झालं की भाऊ म्हणायचे, अजून थोडं. असं लांबवत लांबवत जवळजवळ सगळा डिसेंबर काढला त्यांनी. आमचा सगळ्यांचा. मग एके दिवशी मेजरने त्यांच्या पाठीमागे कवळी घातली आणि सफरचंद खाल्लं. अख्खं. त्याला कळलं की दात कधीचेच बसलेत."

रसिकाने दिवा थोडा जवळ सरकवला.

"त्यांनी भाऊंचे हात धरले. हातांचं मी तुला सांगणार नाही. कोर्टात कुणी विचारलं तर सांगेन. जानेवारीत गेले. माझ्या शेजारीच. अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून भूगोलाच्या वर्गातला कापडी नकाशा उतरवला. आधी बघितलं, त्यात आपला देश आहे का. कोपऱ्यात होता. तो कोपरा तोंडावर येईल असा घातला." त्याने बाहीने नाक पुसलं. "सकाळी गाडीतून नेलं. कुठे ते माहीत नाही."

रसिका म्हणाली, "चहा टाकते." तिने चहा टाकला. चहाबरोबर खारी दिली, मग सिराजच्या तोंडाकडे बघून ती परत घेतली आणि पाव आणला. स्वतः पावाचा तुकडा मागच्या दाढांनी चावला. दात अजून कच्च्या सिमेंटवर होता.

उन्हाळ्यात असं घडलं की उत्तरेकडच्या एका थंड देशात एक माणूस गालिच्यांचा व्यापारी म्हणून राहायला आला. त्याच्या कवळीचा एक दात निखळला, म्हणून तो दंतवैद्याकडे गेला. दंतवैद्याने दुरुस्त केलेली कवळी तोंडात बसवली, आणि व्यापाऱ्याने सवयीने पाठ ताठ केली आणि मोठ्याने एक वाक्य म्हटलं. भिंतीपलीकडे, आपल्या मोडलेल्या दातांसाठी, एक इंजिनियर वाट बघत बसला होता. डोळ्यांना पट्टी असताना जे त्याने रोज भिंतीतून ऐकलं होतं, ते त्याने पुन्हा भिंतीतूनच ऐकलं. तो घाबरून खुर्चीखाली बसला. नंतर उठून पोलिसांत गेला.

आपल्या नागरिकाला युद्धात पकडून छळलं असेल तर छळणाऱ्यावर आपल्याच देशात खटला चालवता येतो, असा त्या देशाचा कायदा होता. व्यापाऱ्याला अटक झाली. तो म्हणाला, मी कुवेतला कधी गेलोच नाही. हे वाक्य आमच्या गावची जेवणाआधीची प्रार्थना आहे, आई शिकवायची. इंजिनियरने चेहरा पाहिला नव्हता. त्याच्याकडे नुसता आवाज होता आणि वाक्य. कोर्टाने त्याच्या तोंडून ते वाक्य कॅसेटवर घेतलं आणि तज्ज्ञ नेमले. अरबीचा तज्ज्ञ म्हणाला, अरबी नाही. कुर्दीचा म्हणाला, कुर्दी नाही. एका विद्वानाने लेखी मत दिलं की सासू नावाचा कुणी प्राचीन संत असावा आणि ही त्याची आळवणी असणं अशक्य नाही. शेवटी त्याच गावातल्या इस्पितळातल्या नागपूरच्या एका नर्सला कुणीतरी ती कॅसेट ऐकवली. ती आधी हसली आणि मग म्हणाली, मराठी.

म्हणून ऑक्टोबरमध्ये ते परदेशी कोर्ट कुवेतला आलं. वाक्य मराठी आणि कवळीचं, एवढ्यावरून इथे परुळेकरांचं घर सापडायला वेळ लागला नाही. कोर्ट म्हणजे एक न्यायाधीश, आरोपीचा वकील, आणि इथे आल्यावर नेमलेली दुभाषी, असमा नावाची कुवेती मुलगी. इथल्या कचेऱ्यांना खुर्च्या राहिल्या नव्हत्या, खिडक्या राहिल्या नव्हत्या. तेव्हा बसायला जागा मिळाली ती राई नावाच्या वस्तीतल्या न्हाणीघराच्या सामानाच्या शोरूममध्ये. लुटारूंनी नळ नेले होते. गुलाबी बाथटब जड म्हणून ठेवून गेले होते.

न्यायाधीश वयस्कर होते, उन्हाने नाक सोललेलं. ते बेसिनांच्या रांगेसमोर टेबल टाकून बसले. साक्षीदारांची बसण्याची जागा बाथटबच्या काठावर होती. असमाने टेपरेकॉर्डर दुसऱ्या बाथटबमध्ये ठेवला होता, कारण सरळ उभा राहील अशी तेवढीच जागा होती.

"महिनाअखेर आरोपीची कोठडी संपते," न्यायाधीशांनी सुरुवातीलाच इंग्रजीत सांगितलं. "तो त्या शाळेत होता असं दिसलं नाही तर आम्हाला त्याला सोडावं लागेल. माफी मागितली पाहिजे असंही कदाचित कायदा म्हणेल. आम्ही त्याची."

रसिकाने मान हलवली. ती साडी नेसून आली होती. टबच्या काठावरून घसरू नये म्हणून पाय घट्ट रोवून बसली होती.

वकील उंच आणि फार सभ्य होता. त्याने आधी तिचं सांत्वन केलं, मग विचारलं, "तुमच्या वडिलांना नेताना त्यांची हत्यारंही नेली?"

"हो."

"शाळेत त्यांना स्वतंत्र खोली होती? दिवा? मेण?"

"असं सिराजचाचा सांगतात."

"कैद्याला कुणी स्वतंत्र प्रयोगशाळा देत नाही. मला वाटतं ते कैदी नव्हते, कारागीर होते. तसं असेल तर झालं ते दुःखद आहे, पण तो कामगार आणि मालक यांच्यातला वाद होतो. त्यासाठी आमच्याकडे निराळं कोर्ट आहे. बुधवारी बसतं."

मागून सिराज अरबीत बोलला, आणि असमाने भाषांतर केलं, "साक्षीदार म्हणतात, मग माझे दात काय ओव्हरटाइममध्ये पडले?"

"हे नोंदवू का?" असमाने विचारलं.

"नोंदवा," न्यायाधीश म्हणाले.

सिराजने मग हातांचं सांगितलं. वचन दिल्याप्रमाणे सगळं सांगितलं. असमाने अर्ध्यावर भाषांतर थांबवलं, पाणी प्यायली आणि पुन्हा सुरू केलं. रसिका समोरच्या बेसिनाकडे बघत राहिली. त्याला नळ नव्हता, भोक होतं, आणि भोकातून भिंत दिसत होती. वकील खाली बघत होता. सिराजचं झाल्यावर वकिलाने अगदी हळू आवाजात विचारलं की हे करणाऱ्याचा चेहरा दिसला होता का. दिसला नव्हता. चौकशीच्या वेळी सिराजच्याही डोळ्यांना पट्टी बांधलेली असे.

"म्हणजे पुन्हा वाक्याकडे," न्यायाधीश म्हणाले.

रसिकाने अर्थ कागदावर इंग्रजीत लिहून दिला. न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला.

"हे फळ सोसतं. सासरा सोसत नाही."

"हो."

"सासरा त्यावेळी कुवेतमध्ये होता?"

"नाही. माझे आजोबा. ते वेंगुर्ल्याला वारले, खूप आधी."

"त्या फळामुळे?"

"नाही," रसिका म्हणाली. "म्हातारपणामुळे. दात मात्र शेवटपर्यंत नीट होते."

न्यायाधीशांनी जिभेने स्वतःचा वरचा टाळू चाचपला. ते बोलताना बारीक खट्ट वाजत होतं. त्यांची कवळी एका बाजूला उंच होती. रसिकाला सकाळपासून ते ऐकू येत होतं. बाबा असते तर पहिल्या प्रश्नालाच उठून गेले असते त्यांच्याकडे.

"ही प्रार्थना नाही, असं तुम्ही शपथेवर सांगता?" वकिलाने विचारलं.

"माझे वडील देवळात जात नसत. दातांच्या परीक्षेसाठी त्यांनी केलेलं वाक्य आहे हे. जगात दुसऱ्या कुणी ते केलेलं नाही."

"पण कुवेतमध्ये शेकडो लोकांना ते येत असेल."

"ज्यांच्या तोंडात त्यांनी केलेले दात आहेत त्यांना."

वकिलाने कागद चाळले. आपला अशील कुवेतला कधी गेलाच नाही असं म्हणतो, हे त्याला आठवलं असावं. मग त्याला वाट सापडली. "कॅसेटवरचं वाक्य आणि तुमच्या वडिलांचं वाक्य एकच आहे हे कशावरून? कागदावर काहीही लिहिता येतं. आमच्याकडे कुणीही हे वाक्य मूळ भाषिकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. नर्सने ते ऐकलं, म्हटलं नाही."

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. "आधी कॅसेट लावा. मग साक्षीदाराने म्हणावं. दोन्ही कॅसेटच्या एकाच पट्टीवर हवं."

असमा टबमध्ये वाकली आणि तिने कळ दाबली.

थोडी खरखर झाली. मग तो आवाज आला. जाड, शांत, आज्ञेप्रमाणे ताठ बसलेल्या माणसाचा. "सासूबाई, फणस सोसतो, सासरे सोसत नाहीत."

रसिकाने डोळे मिटले होते. आपोआप, वडील मिटायचे तसे. एकही स वाजला नाही. शीळ नाही, खट्ट नाही. फ ओठाच्या नेमक्या जागेवरून सुटला. दात उत्तम होते. त्या हातांना वाईट दात करताच आले नसते. मेजरला बाबा फक्त ते वाईट आहेत असं सांगत राहिले. मेजर असला, आणि कवळी अशी. हे इथे कुणाला सांगायचं? कोर्टाने विचारलं असतं, मग तक्रार कशाची?

"मी म्हणतो," सिराज मध्येच उठला. "हिला नका सांगू. मला पाठ आहे, आम्हाला सगळ्यांनाच पाठ होतं."

त्याने टेपरेकॉर्डरपाशी जाऊन सगळा जीव लावून म्हटलं. पण जिथे दात हवे होते तिथे दात नव्हते. स चा वारा झाला, फणसाची नुसती फुंकर झाली. असमाने पट्टी मागे नेऊन लावली. दोन्ही वाक्यं ऐकून वकील खेदाने म्हणाला, "मला मराठी येत नाही, पण ही दोन निराळी वाक्यं आहेत." आणि खरोखरच ती निराळी वाटत होती.

"तुझ्या मेजरनेच तर पाडलेत ते!" सिराज मराठीत ओरडला. "आधी दात पाडायचे आणि वर म्हणायचं, नीट बोल!"

"साक्षीदार काय म्हणतात?"

"म्हणतात, त्यांची हरकत आहे," रसिका म्हणाली.

न्यायाधीशांनी घड्याळाकडे नाही, तिच्याकडे बघितलं. "मिस परुळेकर. हे वाक्य तुम्ही वडिलांकडून पुष्कळदा ऐकलं असेल."

"हो."

"मग म्हणता ना? जसं ते म्हणायला लावत तसं."

सिराज तिच्या कानाशी आला. "म्हण गो बाय. त्यात काय आहे? फणसच तर आहे."

रसिका उठली. टबच्या काठावर बसून ते म्हणता येणार नव्हतं. शोरूमच्या कोपऱ्यात कामगारांचं एक लाकडी स्टूल होतं. तिने ते स्वतः उचलून आणलं, टेपरेकॉर्डरसमोर ठेवलं आणि त्यावर बसली. वकिलाला वाटलं ती दमली असावी, त्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही. जिभेच्या टोकाने पुढचा दात चाचपला. वर्षभर तिने त्याने काही तोडलं नव्हतं. तो किंचित हलत होता.

"मी आता हे म्हणते आहे ते नमुना म्हणून नाही," ती इंग्रजीत न्यायाधीशांना म्हणाली. "पण तुम्ही नमुना म्हणून घ्या."

न्यायाधीशांना ते कळलं नाही. असमाने कळ दाबली. पट्टी फिरू लागली.

रसिकाने पाठ ताठ केली. समोर, चार पावलांवर, जिथे कुणीच उभं नव्हतं, तिथे तिने बघितलं. दात खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेवर टेकवून पाहिला, आणि मग निघालेल्या जीपपर्यंत ऐकू गेलं असतं इतक्या मोठ्याने म्हणाली,

"सासूबाई, फणस सोसतो, सासरे सोसत नाहीत. बसलाय, बाबा. पक्कं करा."